आफ्रिकेच्या बातम्या आणि आमची पुतणी



कुटुंबाच्या पानावर आफ्रिकेचे नाव पाहून काहींना नवल वाटेल. या पानावर आपण मुलांचा अभ्यास, लग्नातला अनाठायी खर्च, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे औषधपाणी असे विषय वाचतो. पण आमच्या घरात गेली दोन वर्षे आफ्रिकेतील युद्धांच्या बातम्यांवरून जेवढी चर्चा झाली, तेवढी लग्नकार्यावरूनही झाली नसेल. त्यातून आम्हाला जे उमगले ते आपल्यासारख्या कष्टकरी घरांच्या उपयोगाचे आहे असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आमच्याविषयी दोन शब्द. आम्ही नवरा-बायको दौंडला राहतो. आमच्यापैकी एकाची हयात रेल्वेत गार्डाच्या डब्यात गेली, दुसरीची अंगणवाडीत. दोघेही आता निवृत्त. धाकटे बंधू शिरूरला असतात, रांजणगावच्या एका कंपनीत कामाला आहेत. त्यांची थोरली मुलगी म्हणजे आमची पुतणी. तिने राज्यशास्त्रात एम. ए. केले. लघुप्रबंधाचा विषय घेतला : मराठी वृत्तपत्रांत आफ्रिकेतील युद्धांच्या बातम्या कशा येतात.

विषय ऐकून घरात एकच गलका झाला. बंधू म्हणाले, "आफ्रिकेचं काय करायचंय आपल्याला? तलाठ्याचा फॉर्म भर." मामा म्हणाले, "बी.एड. कर, पोटापाण्याचं बघ." हे एक वेळ समजण्यासारखे होते. आपल्या घरांत शिक्षणाचा हिशेब नोकरीशी लावला जातो, कारण नोकरीवाचून दुसरा आधार नसतो. परंतु एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी तिला जे सांगितले ते आम्हाला अधिक लागले. ते म्हणाले, "तुम्ही तुमच्या चळवळीवर लिहा. तुम्हाला ते जमेल. परदेशाचे विषय अवघड असतात." त्यांचे नाव आम्ही लिहीत नाही. मनात वाईट नसेलही. पण या सल्ल्याचा अर्थ काय होतो? इतरांच्या मुलांनी साऱ्या जगाचा अभ्यास करावा आणि आमच्या मुलांनी फक्त स्वतःच्या जखमेचा! जगाच्या प्रश्नांवर बोलायचा हक्क काय वंशपरंपरेने मिळतो?

पुतणी वाद घालीत बसली नाही. शिरूरहून न्हावरे-चौफुलामार्गे एस.टी.ने दौंडला आली. आमच्याकडे वर्तमानपत्रांची रद्दी वर्षानुवर्षे बांधून ठेवलेली असते, हे तिला ठाऊक होते. उरलेले अंक तिने वाचनालयांतून पाहिले. महिनाभर आमच्या घराचे कचेरीत रूपांतर झाले.

मुंबईत जन्मलेला आफ्रिकेचा अभ्यासक

तिच्या पिशवीत एक नाव वारंवार निघे, महमूद ममदानी. हे गृहस्थ राज्यशास्त्रज्ञ आहेत. जन्म १९४६ चा, आपल्या मुंबईतला. घराणे गुजराती मुसलमान. बालपण गेले युगांडा देशाच्या कंपाला शहरात. १९६३ साली शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेत शिकायला गेले. तेथे काळ्या लोकांचा नागरी हक्कांचा लढा चालू होता. १९६५ साली इतर विद्यार्थ्यांबरोबर बसने अलाबामा राज्यातील माँटगोमेरीला मोर्चासाठी गेले आणि तुरुंगात पडले. एक फोन करायची परवानगी मिळाली, तो त्यांनी युगांडाच्या राजदूतांना केला. राजदूतांनी विचारले की परक्या देशाच्या अंतर्गत भानगडीत तू कशाला पडतोस? तेव्हा या तरुणाने उत्तर दिले की हा अंतर्गत मामला नाही, हा स्वातंत्र्याचा लढा आहे, आणि आपणही नुकतेच स्वतंत्र झालो आहोत.

पुढे १९७२ साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले. ममदानींनाही निघावे लागले आणि लंडनला निर्वासितांच्या छावणीत दिवस काढावे लागले. म्हणजे युद्ध आणि हकालपट्टी या गोष्टी त्यांनी केवळ पुस्तकात वाचल्या नाहीत. १९९९ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. हे नाव वाचून आपल्या वाचकांचे डोळे नक्कीच लकाकतील. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब ज्या विद्यापीठात शिकले, तेच हे विद्यापीठ! नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदी निवडून आलेले झोहरान ममदानी हे याच प्राध्यापकांचे चिरंजीव.

सुदान देशाच्या पश्चिमेला दारफूर नावाचा प्रांत आहे. तेथे २००३ साली मोठा संघर्ष पेटला. गावे जाळली गेली, लाखो लोक बेघर झाले. अमेरिकेतील वर्तमानपत्रे आणि संघटना यांनी याला 'वंशसंहार' म्हटले, सप्टेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या सरकारनेही तोच शब्द वापरला. ममदानींनी २००७ साली लंडनच्या एका पाक्षिकात लेख लिहिला आणि २००९ साली पुस्तक. त्यांचा प्रश्न साधा होता. त्याच सुमारास इराकमध्येही माणसे मरत होती. मग एका ठिकाणी 'बंडखोरी आणि बंदोबस्त' असा शब्द आणि दुसऱ्या ठिकाणी 'वंशसंहार' असा शब्द का? नाव कोण ठेवतो आणि नाव ठेवल्याने कोणाचे काम साधते? त्यांनी एका नामांकित अमेरिकी स्तंभलेखकाचे लेख तारीखवार लावले आणि दाखवून दिले की मृतांचा आकडा लेखागणिक वरखाली होत होता. शिवाय या लढाईला 'अरब विरुद्ध आफ्रिकी' असा रंग दिला गेला. जमिनीचे तंटे, वाळवंट पसरल्याने चराई आणि पाण्यावर आलेला ताण, इंग्रजी राजवटीने टोळ्यांना वाटून दिलेली जमीन, शेजारच्या चाड देशातले युद्ध हे सारे मागे पडले.

त्यांच्यावर टीकाही झाली. अनेक अभ्यासक म्हणाले की शब्दांचा असा कीस काढल्याने मारेकऱ्यांना आडोसा मिळतो. ही टीका पुतणीने आम्हाला आवर्जून वाचून दाखवली. ती म्हणाली, "नाना, माणसं मेली हे तेही नाकारत नाहीत. का मेली ते नीट सांगा, एवढंच म्हणतात." दोन्ही बाजू वाचून मग मत बनवावे, ही शिस्त आम्ही तिच्याकडून शिकलो.

रजिस्टर आणि रकाना

आता कामाची पद्धत सांगतो, कारण ती कोणालाही घरी करता येईल. एक लांब वही घेतली. तिच्यात रकाने आखले : तारीख, पान क्रमांक, बातमीची लांबी सेंटिमीटरमध्ये, बातमी कोणत्या वृत्तसंस्थेची, कोणाचे नाव आले आहे, कारण दिले आहे की नाही, लढाईला कोणता शब्द वापरला आहे. एकाने फूटपट्टी लावायची, एकाने वाचायचे, एकाने लिहायचे. पुतणीने सांगितले की या प्रकारच्या अभ्यासाचा एक मोठा नमुना नॉर्वे देशात १९६५ साली झाला. योहान गाल्टुंग आणि मारी रुगे या दोघांनी तेथील चार वर्तमानपत्रे घेऊन काँगो, क्यूबा आणि सायप्रस येथील संघर्षांच्या बातम्या तपासल्या. त्यांचे म्हणणे असे की देश जेवढा दूरचा आणि माणूस जेवढा साधा, तेवढी घटना अधिक भयंकर असल्याशिवाय ती बातमी होत नाही. बड्या देशाच्या बड्या माणसाला शिंक आली तरी बातमी, गरीब देशाच्या गरीब माणसाला मात्र छापून यायला मरावे लागते. तेही एकट्याने मरून भागत नाही.

सुदानमध्ये एप्रिल २०२३ मध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले. त्या पहिल्या दिवसांचे अंक आम्ही उघडले तेव्हा बातम्या पहिल्या पानावर होत्या, नकाशासकट. कारण तेथे आपले भारतीय अडकले होते. 'ऑपरेशन कावेरी' या नावाने सरकारने सुमारे ३,८०० भारतीयांना परत आणले. शेवटचे विमान आले आणि बातमी पहिल्या पानावरून आत गेली, मग कोपऱ्यात गेली, मग दिसेनाशी झाली. युद्ध मात्र थांबले नव्हते. एक कोटीहून अधिक माणसे घरदार सोडून परागंदा झाली. संयुक्त राष्ट्रांनी याला जगातील सर्वांत मोठे विस्थापन म्हटले. इकडे आमची फूटपट्टी मात्र रिकामी बसून होती.

त्या कोपऱ्यातल्या बातम्यांत कारणाचा रकाना बहुधा कोराच राही. असे का व्हावे? पुतणीने बातमीचा प्रवास समजावून सांगितला. सुदानची बातमी तेथील स्थानिक माणूस देतो. ती नैरोबी किंवा कैरोच्या कचेरीत जाते. तेथून परदेशी वृत्तसंस्थेच्या मुख्य कचेरीत, तेथून दिल्लीला, तेथून पुण्या-मुंबईच्या उपसंपादकाच्या टेबलावर. बातमी लिहिण्याची रीत अशी की सर्वांत ठळक गोष्ट, म्हणजे मृतांचा आकडा, सुरुवातीला आणि मागची हकीकत शेवटी. जागा कमी पडली की कात्री खालून लागते. म्हणजे उपसंपादकाच्या मनात कपट नसले तरी कारण कापले जाते आणि आकडा उरतो.

हे ऐकून आमच्यातल्या रेल्वेवाल्याला आपले रजिस्टर आठवले. गाडी चाळीस मिनिटे उशिरा आली, एवढे लिहून गार्डाची सुटका होत नसे. कोठे थांबली, किती मिनिटे, आणि का? सिग्नल मिळाला नाही, साखळी ओढली, की इंजिन बिघडले? कारणाचा रकाना कोरा ठेवला तर साहेब जाब विचारीत. मालगाडीच्या खोळंब्याला कारण लागते आणि माणसांच्या मरणाला लागत नाही, हे कसे?

अंगणवाडीवालीचे म्हणणे वेगळे होते. वजनाच्या रजिस्टरात 'कमी वजनाची बालके चार' असे वर कळवतात, पण आतल्या पानावर प्रत्येक बाळाचे नाव, आईचे नाव, महिन्याचे वजन असते. नाव असते म्हणून सेविका त्या घरी जाते. ज्याचे नाव लिहिलेले नाही, त्याच्या घरी कोणी जात नाही. कात्रणांत सेनापतींची नावे होती, परराष्ट्रमंत्र्यांची होती. मेलेल्यांची नव्हती. ते नुसते आकडे होते. नानी म्हणाली, "ही आतली पानं फाडलेली रजिस्टरं आहेत." पुतणीने हे वाक्य आपल्या प्रबंधात घातले. त्या दिवशी घरी शेवयांची खीर झाली.

रवांडाचा धडा

दुसरे प्रकरण रवांडाचे. हा आफ्रिकेतील चिमुकला डोंगराळ देश. ७ एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत तेथे आठ लाखांच्या आसपास माणसांची कत्तल झाली, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. तेथील सरकारचा आकडा दहा लाखांच्या वर आहे. मारले गेलेले बहुतेक तुत्सी आणि हत्याकांडाला विरोध करणारे हुतू. त्या वर्षीच्या १४ एप्रिलला दौंडमध्ये आपण सारे निळे झेंडे घेऊन जयंतीच्या मिरवणुकीत चालत होतो आणि त्याच दिवशी तेथे हे चालू होते. त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेत पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. जगाचे बातमीदार मोठ्या संख्येने तिकडे होते. ती आनंदाची बातमी होतीच. पण रवांडात फार थोडे उरले, आणि जे छापले गेले त्यात 'टोळ्यांचे जुने वैर' हा शब्द सहज येई.

हे 'जुने वैर' काय होते? हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलतात, एकाच डोंगरावर शेजारी राहतात, एकाच चर्चमध्ये जातात. बेल्जियमच्या राज्यकर्त्यांनी १९३० नंतरच्या दशकात प्रत्येकाच्या हाती ओळखपत्र दिले आणि त्यावर हुतू की तुत्सी हे छापले. जे पूर्वी काही अंशी बदलू शकत होते, ते कागदावर कायमचे झाले. १९९४ साली रस्त्यारस्त्यावर तेच कार्ड पाहून माणसे मारली गेली. जन्माने चिकटवलेला शिक्का आणि त्याची सरकारी नोंद यांचे सामर्थ्य काय असते, हे आपल्याला कोणी वेगळे शिकवायला नको.

तेथील एका खाजगी रेडिओने तुत्सींना 'झुरळे' म्हणून हिणवले आणि मारायच्या माणसांची नावेही सांगितली. संयुक्त राष्ट्रांच्या न्यायालयाने ३ डिसेंबर २००३ रोजी या रेडिओशी आणि एका नियतकालिकाशी संबंधित तिघांना दोषी ठरवले. २००७ च्या अपिलात काही आरोप रद्द होऊन शिक्षा कमी झाल्या, पण तिघेही सुटले नाहीत. लेखणी आणि ध्वनिक्षेपक हेही हत्यार ठरू शकते, हे जगाच्या न्यायालयाने मान्य केले.

तथापि येथेही एका राज्यशास्त्रज्ञाने पुढचा प्रश्न विचारला. स्कॉट स्ट्रॉस हे पूर्वी नैरोबीत पत्रकार होते. त्यांनी रवांडाच्या तुरुंगांत जाऊन शिक्षा झालेल्या दोनशेहून अधिक कैद्यांना विचारले, तू यात का पडलास? रेडिओ ऐकून, असे म्हणणारे थोडे निघाले. बहुतेकांनी सांगितले की गावातले पुढारी आणि टोळके दारात आले, चल म्हणाले, नाही म्हणायची भीती वाटली. २००७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की रेडिओने आगीत तेल ओतले, आधीच पेटलेल्यांना बळ दिले, परंतु सामान्य माणसाला ओढले ते समोरासमोरच्या दबावाने. याचा अर्थ रेडिओ निर्दोष असा नव्हे. 'लोक भडकले' एवढे म्हणून भागत नाही, दारात कोण आले होते ते शोधावे लागते, असा त्याचा अर्थ.

आपल्याच तालुक्यातली बातमी

एके रात्री आम्ही तिला विचारले, "बाई, हे सारं तुला सुचलं कुठून?" तेव्हा तिने जे सांगितले ते आम्हालाही नवीन होते.

कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यातलेच. नदीच्या अलीकडे पेरणे येथे विजयस्तंभ आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे आले होते. १ जानेवारी २०१८ रोजी लढाईला दोनशे वर्षे पूर्ण झाली. आम्ही दोघे पहाटे अभिवादन करून सोलापूर रस्त्याने दौंडला परतलो होतो. बंधू आणि ही पुतणी मात्र मोटारसायकलवर मागे होते. ती तेव्हा दहावीत. सणसवाडीच्या अलीकडे दगडफेक सुरू झाली, गाड्या पेटल्या. मोटारसायकल टाकून ही बापलेक एका वस्तीवर शिरली. तेथील एका कुटुंबाने, जे आपल्या समाजाचे नव्हते, त्यांना घरात घेतले, दार लावले, चहा-भाकरी दिली आणि काळोख पडल्यावर आडवाटेने शिक्रापूरपर्यंत पोहोचवले. त्या दिवशीच्या हिंसाचारात एका तरुणाचा मृत्यू झाला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. पुढे सरकारने निवृत्त न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा चौकशी आयोग नेमला.

नंतरचे काही दिवस ती मुलगी घरी येईल ते वर्तमानपत्र आणि दूरचित्रवाणी पाहत होती. कोठे 'दोन गटांत दगडफेक' असे होते. कोठे आदल्या दिवसापेक्षा बंदमुळे रखडलेल्या लोकल गाड्यांचीच हकीकत अधिक होती. लाखो माणसे तेथे दरवर्षी का येतात, हे थोड्यांनीच सांगितले. ज्यांनी दार उघडले, त्या घराचा तर कोठेच उल्लेख नव्हता. ती म्हणाली, "नानी, मी प्रत्येक पान चाळलं. यात आपण कुठं आहोत, हेच शोधत होते."

आम्ही विचारले, मग कोरेगाववरच का लिहिले नाहीस? तिचे उत्तर आम्ही जसेच्या तसे देतो : "आपल्याविषयीचं वाचताना माझा हात थरथरतो. थरथरत्या हातानं मोजमाप नीट होत नाही. लांबच्या माणसांविषयी वाचताना डोकं थंड राहतं. आधी पट्टी तिकडं तयार करते, मग इकडं लावीन."

कोरेगाव म्हणजे रवांडा नव्हे, दारफूरही नव्हे. असल्या तुलना करणे त्या मृतांवरही अन्याय करणारे आहे. परंतु बातमी लिहिण्याच्या खोडी सगळीकडे सारख्याच आहेत. 'टोळ्यांचे जुने वैर' आणि 'दोन गटांतील तणाव' हे शब्द सख्खे भाऊ आहेत. दोन्हींत कोणी कोणाला काय केले ते दिसत नाही, वादळ यावे तशी घटना आपोआप घडल्यासारखी वाटते.

लिहिणारा कोण, यावरही पुष्कळ अवलंबून असते. १९९६ साली बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीत दलित पत्रकाराचा शोध घेतला, त्यांना एकही सापडला नाही. रॉबिन जेफ्री या राज्यशास्त्रज्ञाने भारतीय भाषांतील वर्तमानपत्रांवर २००० साली पुस्तक लिहिले आणि हीच उणीव पुन्हा पुन्हा दाखवली. २००६ साली दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांतील ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी झाली, त्यांत एकही दलित किंवा आदिवासी नव्हता. बाबासाहेबांना हे फार पूर्वी कळले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' काढले, तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. म्हणूनच त्यांनी पुढे 'बहिष्कृत भारत' काढले, 'जनता' काढले, 'प्रबुद्ध भारत' काढले. आफ्रिकेतील माणसाचेही नेमके हेच गाऱ्हाणे आहे की आमची कथा आमच्या तोंडून कोणी ऐकत नाही.

बातमी वाचताना पाच प्रश्न

पुतणीचा लघुप्रबंध पूर्ण झाला, चांगल्या गुणांनी मान्य झाला. त्यानंतरही कात्रणे थांबली नाहीत. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी दारफूरमधील अल-फाशर शहर निमलष्करी दलाच्या ताब्यात गेले. हे दल ज्या टोळ्यांतून उभे राहिले, त्यांनीच वीस वर्षांपूर्वी दारफूरची गावे जाळली होती. ही बातमी आली तेव्हा आमच्या घरात कोणी "आफ्रिकेचं काय" असे म्हटले नाही. बंधूंनीच शिरूरहून फोन करून विचारले, "पेपरात किती आलंय रे? कारण दिलंय का?"

आमच्या वहीतून निघालेले पाच प्रश्न वाचकांसाठी येथे देतो. एक, मेलेल्या माणसाचे नाव-गाव आहे का? दोन, कारणाचा रकाना भरलेला आहे का? तीन, हे सांगतो कोण, पाहिलेला माणूस की पोलीस की परदेशी कचेरी? चार, कोणते नाव ठेवले आहे, दंगल, तणाव, बंड की संहार, आणि ते नाव कोणाला सोयीचे आहे? पाच, पुढे काय झाले ते महिन्याने छापले का? आता बातम्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येतात, मिनिटागणिक येतात, खऱ्याखोट्याची मिसळ होऊन येतात. तेथे तर हे प्रश्न दुपटीने विचारावेत. संध्याकाळी मुलांना एक बातमी वाचायला द्यावी आणि हे पाच प्रश्न विचारावेत. खर्च शून्य आहे.

आणि आईबापांना एक विनंती. मुलीने वेगळा विषय निवडला तर लगेच मोडता घालू नका. तलाठ्याची परीक्षा वाईट नाही, आमची पुतणीही ती देणार आहे, घराला आधार हवाच. त्याचबरोबर ती संशोधनाची पुढची तयारी करीत आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे, परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही आहे. अटी आणि मुदत समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा. तिचा पुढचा विषय ठरला आहे : सुदानच्या बातम्यांची पट्टी १ जानेवारी २०१८ नंतरच्या मराठी वर्तमानपत्रांना लावायची. तिचा हात आता थरथरत नाही, असे ती म्हणते. वणवण करून अंक जमवायचे काम आम्ही म्हाताऱ्यांनी अंगावर घेतले आहे. त्या आठवड्यातील वर्तमानपत्रे कोणाच्या माळ्यावर असतील, तर रद्दीत घालू नका. जपून ठेवा.

जयभीम.